तळं सुशोभित कसं करावं

तुमच्या प्रभागातल्या बागेत तळं असेल आणि त्याच्या काठाला पाणकणीस माजलेलं असेल, तर आधी अभिनंदन. निधी आणायला याहून भक्कम कारण नाही. फोटो काढा, खाली 'दुरवस्था' लिहा आणि वॉर्ड ऑफिसात नेऊन द्या.

कुणीतरी वनस्पतिशास्त्रवाला मध्ये येईलच. तो सांगेल, पाणकणसाच्या पोकळ पानांतून हवा खाली मुळांपर्यंत जाते, मुळांभोवतीच्या चिखलात जिवाणू पोसले जातात आणि सांडपाण्यातली घाण तेच खातात. काठाला वेखंड, लव्हाळा, ब्राह्मी लावा, आत कुमुद सोडा आणि बाकी काही करू नका, म्हणेल. ऐकून घ्या, चहा पाजा. त्याच्या बोलण्यात खोट एकच: ही झाडं शेजारच्या ओढ्यात फुकट मिळतात. फुकटाची निविदा काढायची कशी?

तेव्हा पोकलेन बोलवा. काठाचा उतार पहिल्यांदा घालवायचा, कारण सगळी भानगड त्या घोटाभर पाण्यात असते. लव्हाळा तिथेच रुजतो, बेडूक अंडी तिथेच घालतो, चतुराची अळी तिथल्याच एखाद्या काडीवर चढते, कात टाकते, पंख वाळवत बसते आणि उडून जाते. सरळसोट आरसीसी भिंत घातली की एका दमात सगळ्यांचा बंदोबस्त. वर पेव्हर ब्लॉक, रेलिंग आणि 'आय लव्ह' म्हणणारी लाल अक्षरं.

पावसाळ्यानंतर डास होतील. होणारच, त्यांच्या अळ्या खाणारी चतुराची पिल्लं गाळाबरोबर डंपरमधून गेली ना! याला अडचण म्हणू नका, हे दुसरं काम. धूर फवारा, मग गप्पी मासे सोडा. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पण एव्हाना त्याचं रेशनकार्डही झालं असेल. घरच्या टाकीत मावेनासा झालेला सकर मासा आणि लाल कानाचं कासवही कुणी आणून सोडेल. सोडू द्या, तेवढंच त्याला पुण्य.

तिसरं काम आपल्या पायांनी चालत येतं. वरून येणारा नाला आपण अडवलेला नाही (तो विभाग वेगळा), त्यातला मैला शोषून घेणारं काठावर काही उरलेलं नाही. मग येते जलपर्णी. तीही दक्षिण अमेरिकेचीच, आणि मनासारखं घाण पाणी मिळालं की दोनेक आठवड्यांत दुप्पट. ठेकेदाराला इतकं भरवशाचं पीक दुसरं नाही. काढताना कोपऱ्यात थोडी राखायची, बियाण्याला.

एक सावधगिरी मात्र बाळगा. पवई तलावाच्या काठी महापालिकेने सायकल ट्रॅक करायला घेतला होता. आयआयटीतले विद्यार्थी कोर्टात गेले आणि मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवून जागा पूर्ववत करायला सांगितली. तेव्हा आसपास आयआयटी आहे का, एवढं बघून मगच नारळ फोडा.

एवढं करूनही देशी वनस्पतींची ओरड थांबली नाही, तर कारंज्यापाशी फायबरची तीन कमळं बसवा आणि 'देशी जलवनस्पती संवर्धन प्रकल्प' अशी पाटी लावा. कमळ देशीच आहे, कुणाची बोलायची टाप नाही. फायबरचा गुलाबी रंग एका उन्हाळ्यात उडतो. पुन्हा रंगवायची तरतूद याच अंदाजपत्रकात करून घ्या.