दारूवरून फौजेतून काढलेल्यांना ‘सरसकट पेन्शन’? नाही

माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज वरचेवर फिरतो. शब्द बदलतात, मजकूर साधारण असा: ‘दारूच्या रेड इंक एन्ट्री लागल्या म्हणून ज्यांना घरी पाठवलं, त्यांच्यासाठी खुशखबर! चार एन्ट्रींवर काढणं सुप्रीम कोर्टाने बेकायदा ठरवलं आहे. कितीही वर्षं झालेली असोत, ट्रिब्युनलमध्ये एक अर्ज टाका. डिस्चार्ज सुधारून मिळतो, पेन्शन थकबाकीसह मिळते, दारू हा आजार असल्याने डिसेबिलिटी पेन्शनही लागते. डिसमिस झालेल्यांनीही अर्ज करावा. माजी सैनिकाच्या सगळ्या सवलती चालू होतात.’

‘रेड इंक एन्ट्री’ म्हणजे शिक्षा झाल्याची कंडक्ट शीटवरची (जवानाच्या वर्तणुकीच्या नोंदपत्रावरची) लाल शाईतली नोंद. ‘ट्रिब्युनल’ म्हणजे सैनिकांची सेवाविषयक प्रकरणं ऐकणारं आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल. डिस्चार्ज म्हणजे सेवेतून मुक्त करणं, डिसमिस म्हणजे शिक्षा म्हणून बडतर्फ करणं. मेसेजमधला निकाल खरा आहे. त्यावरून काढलेली जवळजवळ सगळी अनुमानं चुकीची आहेत, आणि त्यापायी खरोखर दम असलेली प्रकरणंही वाया जातात.

‘चार एन्ट्रींवर काढणं बेकायदा ठरलं.’ ठरलेलं नाही. असा डिस्चार्ज आर्मी रूल्स १९५४ च्या नियम १३(३) मधल्या तक्त्यातील III(v) या नोंदीखाली होतो. आदेश काढण्याचा अधिकार सीओला (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरला) नसतो, ब्रिगेड किंवा सब-एरिया कमांडरला असतो, आणि परिस्थिती अगदीच अशक्य नसेल तर आधी शो-कॉज (कारणे दाखवा) नोटीस द्यावी लागते. चार रेड एन्ट्रींचा आकडा नियमात नाहीच. तो आला आर्मी हेडक्वार्टरच्या २८ डिसेंबर १९८८ च्या पत्रातून. त्याच पत्रात पुढे लिहिलं आहे की आधी निष्पक्ष प्राथमिक चौकशी करा, जवानाला बाजू मांडू द्या, आणि पेन्शनच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाबाबत विशेष विचार करा. पलटणीत बहुतेकदा पत्रातला आकडा तेवढा लक्षात राहतो, पुढचा भाग राहत नाही.

वीरेंद्र कुमार दुबे प्रकरणात १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सुप्रीम कोर्टाने बोट ठेवलं ते याच्यावर. चार एन्ट्री झाल्या म्हणजे डिस्चार्ज आपोआप होत नाही. गुन्ह्यांचं स्वरूप काय, सेवा किती झाली, जवान कुठल्या खडतर ठिकाणी राहून आला, पेन्शनला किती दिवस उरले होते, हे तपासल्याशिवाय काढलेला आदेश मनमानी ठरतो. त्या जवानाला पेन्शनपात्र सेवा पूर्ण होईपर्यंत नोकरीत होता असं मानण्यात आलं. मधल्या काळाचा पगार मात्र कोर्टाने स्पष्ट नाकारला. मेसेजमधली ‘थकबाकी’ इथेच आक्रसते.

दुसरी बाजू मेसेजमध्ये कधीच नसते. सतगुर सिंग प्रकरणात २०१९ मध्ये याच सुप्रीम कोर्टाने डिस्चार्ज कायम ठेवला. तो जवान वारंवार विनापरवाना गैरहजर राहिला होता. त्याला नोटीस मिळाली होती, पण गैरहजेरीचं पटण्याजोगं कारण त्याने दिलं नाही. प्राथमिक चौकशी म्हणजे कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेतली औपचारिक चौकशीच, हवी असं नाही, हेही कोर्टाने सांगितलं. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं: ट्रिब्युनल एन्ट्री मोजत बसत नाही, फाइल वाचतं. चौकशीचा कागदच नसेल, नोटीस छापील नमुन्यातली असेल, उत्तराचा आदेशात उल्लेखही नसेल, तर दम आहे. नोटिशीला उत्तरच दिलं नसेल किंवा ‘चूक मान्य आहे’ एवढंच लिहून दिलं असेल, तर वाट बिकट आहे.

एन्ट्री कशाच्या आहेत हेही बघितलं जातं. नशेत सापडणं हा आर्मी ॲक्टच्या कलम ४८ खालचा गुन्हा आहे, ड्युटीवर असो वा नसो. मात्र ड्युटीवर नसताना किंवा ॲक्टिव्ह सर्व्हिसवर (युद्धजन्य तैनातीवर) नसताना झालेल्या गुन्ह्याची शिक्षा कायद्यानेच कमी ठेवली आहे. संध्याकाळी लाइनमध्ये (बराकीत) पिऊन आरडाओरडा करणारा आणि हत्यारासह संत्री ड्युटीवर नशेत सापडलेला, दोघांच्या शीटवर एन्ट्री लालच असू शकते, पण वजन एक नाही. म्हणून प्रत्येक एन्ट्रीची तारीख, जागा, कलम, शिक्षा आणि त्या वेळची पोस्टिंग असा तक्ता करून अर्जाला जोडावा. चारपैकी तीन एन्ट्री एकाच वर्षातल्या असतील आणि ते वर्ष फील्डमधून परतल्यानंतरचं असेल, तर ते तक्त्यात दिसतं. चार पानांच्या कैफियतीत हरवतं.

‘डिस्चार्ज सुधारून मिळतो.’ ही कल्पना अमेरिकन फौजेतून आलेली दिसते. तिथे डिस्चार्जच्या प्रती ठरलेल्या असतात आणि १५ वर्षांच्या आत डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे प्रत वाढवून मागता येते. आपल्याकडे असं बोर्ड नाही. आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल आदेश वैध की अवैध हे तपासतं. म्हणून ‘माझा डिस्चार्ज ऑनरेबल करा’ अशी मागणी लिहिली की ती लटकते. मागणी अशी हवी: अमुक तारखेचा आदेश रद्द करावा, पेन्शनपात्र सेवा पूर्ण होईपर्यंत सेवेत असल्याचं मानावं, त्यानुसार पेन्शन द्यावी; आणि ते शक्य नसेल तर कमी पडलेली सेवा क्षमापित (माफ) करावी.

हा शेवटचा पर्याय बरेच जण लिहीतच नाहीत. जवानाला सर्व्हिस पेन्शनसाठी १५ वर्षं पात्र सेवा लागते, आणि १२ महिन्यांपर्यंतची तूट क्षमापित करता येते. तो हक्क नाही, पण मागता येतं. आधी हिशेब मात्र नीट करा. पगार न मिळालेली गैरहजेरी आणि कैदेचे दिवस सहसा पात्र सेवेतून वजा होतात, आणि आर्मी ॲक्टच्या कलम ८० खाली सीओ एका वेळी २८ दिवसांपर्यंत डिटेन्शन (कैद) देऊ शकतो. समजा डिस्चार्ज बुकवर १४ वर्षं ३ महिने सेवा आहे. ४० दिवसांचा ओव्हरस्टे (रजा संपूनही न परतणं) आणि एकदा २८ दिवस डिटेन्शन वजा केलं, तर उरतात १४ वर्षं आणि साधारण तीन आठवडे. तूट बारा महिन्यांच्या आत, म्हणून मागणी उभी राहते. आणखी एकदा २८ दिवस असतील तर तूट बारा महिन्यांच्या पुढे जाते आणि ही वाट बंद होते. कुठला दिवस वजा झाला हे पार्ट टू ऑर्डरमध्ये (जवानाच्या सेवेतल्या बदलांची नोंद करणाऱ्या आदेशात) असतं. आठवणीवर विसंबू नका. आणि डिस्चार्ज ‘स्वतःच्या विनंतीवरून’ नोंदला आहे का तेही बघा. शिक्षा टळावी म्हणून असा अर्ज लिहून दिलेला असेल, तर III(v) चा सगळा युक्तिवाद गैरलागू होतो आणि तूट क्षमापित करण्यातही अडसर येतो.

‘कितीही वर्षं झालेली असोत.’ ट्रिब्युनलच्या २००७ च्या कायद्यात, कलम २१ प्रमाणे आधी खात्यातला उपाय करून बघावा लागतो, म्हणजे लेखी तक्रार किंवा अर्ज. त्यावर निर्णय आला की कलम २२ प्रमाणे सहा महिने मिळतात. उत्तरच आलं नाही तर सहा महिने थांबायचं, पुढच्या सहा महिन्यांत दाखल करायचं. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण कागदासह द्यावं लागतं. दारूच्या उपचारासाठी दाखल होतो, हे इस्पितळाची डिस्चार्ज समरी जोडलेली असेल तर कारण आहे. नुसतं ‘माहिती नव्हती’ हे फार दुबळं. पेन्शनच्या दाव्यात उशीर चालतो असं सांगणारे लोक तरसेम सिंग निकालाचा (२००८) दाखला देतात. तो लागू होतो दरमहा मिळायला हवी ती पेन्शन अडली असेल तिथे, आणि थकबाकी तिथेही सहसा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच. डिस्चार्जचा आदेश ही एकदाच घडलेली गोष्ट आहे. त्याला दरमहा नवं कारण जन्मत नाही.

‘दारू हा आजार, म्हणून डिसेबिलिटी पेन्शन.’ वैद्यकशास्त्रात तो आजार आहेच. फौजी इस्पितळातही अल्कोहोल डिपेन्डन्स सिंड्रोम असंच निदान लिहिलं जातं आणि जवान लो मेडिकल कॅटेगरीत (कमी तंदुरुस्तीच्या श्रेणीत) जातो. पण १९८२ च्या एन्टायटलमेंट रूल्समध्ये (डिसेबिलिटी पेन्शन कोणाला हे ठरवणाऱ्या नियमांत) दारू, तंबाखू किंवा ड्रग्जच्या अतिसेवनातून आलेल्या अपंगत्वाला भरपाई नाही असं थेट लिहिलं आहे, कारण ते माणसाच्या स्वतःच्या ताब्यातलं मानलं जातं. २०२३ पासून नवे नियम आले आहेत, त्यामुळे सेवा कधी संपली ते आधी बघावं. आमच्या मते हे कलम कठोर आहे, पण ते आहे. दाव्याला जागा उरते ती वेगळ्या निदानाला: नैराश्य, आघातानंतरचा मानसिक विकार, डोक्याची इजा. ते सेवेत सुरू झालं असेल आणि भरतीच्या वेळी त्याची नोंद नसेल, तर धरमवीर सिंग निकालातलं (२०१३) गृहीतक, म्हणजे असा आजार सेवेमुळे झाला असं मानणं, जवानाच्या बाजूने झुकतं. त्यासाठी मेडिकल बोर्डाचे कागद आणि मानसोपचाराला पाठवताना सीओने भरलेला अहवाल, एएफएमएसएफ-१०, मिळवा. त्या अहवालात ‘आधी चांगला सैनिक, अमुक घटनेनंतर पिऊ लागला’ असं वाक्य असेल तर ते डिस्चार्जच्या प्रकरणातही कामाला येतं.

डिसमिसल हा वेगळाच रस्ता. डिसमिस झालेल्याची मागची सगळी सेवा पेन्शनसाठी बाद होते. अपवाद म्हणून राष्ट्रपतींच्या अधिकारात काही मिळू शकतं. शिक्षा कोर्ट मार्शलने दिली असेल तर ट्रिब्युनलच्या कायद्यातल्या कलम १४ चा नेहमीचा अर्ज नाही, कलम १५ खालचं अपील. तिथे ट्रिब्युनल शिक्षा सौम्य करू शकतं. पंधरा वर्षं झालेल्या माणसासाठी डिसमिसलचं रूपांतर डिस्चार्जमध्ये होणं म्हणजे पेन्शनचं दार उघडणं, म्हणून इथे सगळा भर शिक्षेच्या प्रमाणावर द्यावा.

‘सगळ्या सवलती’ हेही फसवं आहे. सरकारी नोकरीतल्या राखीव जागांसाठी माजी सैनिकाची जी व्याख्या आहे, तीत गैरवर्तन किंवा अकार्यक्षमतेवरून काढलेला, पेन्शन नसलेला जवान बसत नाही. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, सहसा पेन्शनशी जोडलेली असते. म्हणजे आधी पेन्शन, मग बाकी.

सुरुवात कागदांपासून करा. आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे (मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, तोफखान्यासाठी नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी) माहिती अधिकारात १० रुपये शुल्कासह अर्ज करा आणि नावानिशी मागा: शीट रोल (सेवेची नोंद), कंडक्ट शीट, प्राथमिक चौकशीचे कागद, शो-कॉज नोटीस, तिचं उत्तर, सीओची शिफारस, ब्रिगेड कमांडरचा आदेश. ‘माझी पूर्ण फाइल द्या’ असं लिहिलं की डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स येते. चौकशीचे कागद ‘उपलब्ध नाहीत’ असं उत्तर आलं तर ते जपून ठेवा, तोही पुरावा आहे. पेन्शन नसलेल्यांची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट केली जातात, त्यामुळे २००० सालच्या आसपास घरी आलेल्यांनी हा अर्ज या आठवड्यातच टाकावा. निवृत्त किंवा काढलेला जवान आपण राहतो तिथल्या खंडपीठाकडे जाऊ शकतो. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ते मुंबईत आहे. वकिलाशिवाय स्वतः उभं राहायची मुभा आहे. ट्रिब्युनलने नाकारलं तर २०२३ च्या परशोतम दास निकालानंतर हायकोर्टात रिट करण्याची वाट पुन्हा स्पष्टपणे मोकळी झाली आहे.