मांजरांच्या पाकीटबंद खाद्यात नेमके काय असते? एका व्हायरल संदेशाचा प्रतिवाद

मांजर पाळणाऱ्यांमध्ये सध्या एक संदेश वेगाने फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: तयार खाद्य म्हणजे कत्तलखान्यातला कचरा, त्यात पिसे, खूर आणि मेलेली पाळीव जनावरेसुद्धा दळलेली असतात, चिकन जेमतेम चार टक्के असते, बाकी धान्य आणि चक्क राख मिसळलेली असते, तेव्हा पाकीट फेकून द्या आणि मांजराला घरी उकडलेले चिकन घाला. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांची माया खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. मात्र त्यातला शेवटचा सल्ला तंतोतंत पाळला तर मांजर अपंग होऊ शकते, म्हणून त्यातील दावे एकेक करून तपासणे मला आवश्यक वाटते.

आधी 'कचऱ्या'विषयी. पाकिटावर 'बाय-प्रॉडक्ट' हा शब्द दिसला की घाण डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेने, म्हणजे आफ्कोने, या शब्दाची व्याख्या करून ठेवली आहे. त्यात फुप्फुसे, प्लीहा, मूत्रपिंडे, यकृत, रक्त, हाडे आणि आतले सर्व काढून टाकलेली जठर-आतडी येतात. केस, शिंगे, दात आणि खूर येत नाहीत, आणि कोंबडीच्या बाबतीत पिसेही वगळलेली आहेत. माणसाच्या ताटात ज्यांना जागा नाही असे हे अवयव मांजराच्या दृष्टीने निकृष्ट नाहीत. मांजर उंदीर कसा खाते हे एकदा निरखून पाहावे. बहुतेकदा ते डोक्यापासून सुरुवात करते, कवटी कडाकडा फोडते, काळीज आणि हाडे यांसकट सर्व फस्त करते आणि कित्येकदा केवळ आतड्याचा एखादा तुकडा मागे ठेवते. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनवणे मांजराच्या शरीराला जमत नाही. ते त्याला तयार स्वरूपातच मिळावे लागते आणि यकृतात ते भरपूर असते. तक्रार करायचीच असेल तर ती 'मांस आणि प्राणिजन्य पदार्थ' अशा मोघम नोंदीबद्दल करावी. कोणत्या प्राण्याचा कोणता भाग वापरला हे त्यातून कळत नाही, आणि ज्या मांजराला एखाद्या मांसाची ॲलर्जी आहे त्याच्या मालकासाठी ही अडचण खरी आहे.

मेलेल्या पाळीव जनावरांचा आरोप अधिक गंभीर आहे. जनावरांना दयामरण देण्यासाठी वापरले जाणारे पेन्टोबार्बिटल हे औषध कुत्र्यांच्या काही कोरड्या खाद्यांत अत्यल्प प्रमाणात आढळले, हे खरे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याचा तपास करून 2002 मध्ये निष्कर्ष जाहीर केले. त्या नमुन्यांची डीएनए तपासणीही झाली आणि त्यांत कुत्र्याचा किंवा मांजराचा अंश सापडला नाही. औषधाचा अंश मिळणे ही चूकच होती, पण संदेशात सांगितलेली गोष्ट त्यातून सिद्ध होत नाही.

'फक्त चार टक्के चिकन' हा दावा वाचनातल्या गफलतीतून येतो. तो आकडा पाकिटावर ज्याचे नाव घेतले आहे तेवढ्याच मांसाचा असतो. इतर मांस व अवयव वेगळे मोजलेले असतात. त्याहून मोठी गफलत पाण्याची आहे. ओल्या खाद्याच्या पाउचवर 10 टक्के प्रथिने आणि 80 टक्के ओलावा लिहिलेला असेल, तर पाणी वगळता उरलेल्या 20 भागांत 10 भाग प्रथिने, म्हणजे 50 टक्के होतात. कोरड्या दाण्यांवर 32 टक्के प्रथिने आणि 8 टक्के ओलावा असेल, तर तोच हिशेब सुमारे 35 टक्क्यांवर येतो. छापील आकड्यात गरीब दिसणारे पाउच प्रत्यक्षात पुढे निघते. 'चिकन मील'बाबतही असेच होते: पाणी आणि बरीचशी चरबी काढून केलेली ती भुकटी असल्याने, वजनाने पहिल्या क्रमांकावर असलेल्या ताज्या, पाणीदार चिकनपेक्षा तिच्यातून कित्येकदा जास्त प्रथिने मिळतात.

राखेचा मुद्दा लवकर आटोपता येतो. 'क्रूड ॲश' म्हणजे खाद्याचा नमुना प्रयोगशाळेत जाळल्यावर उरणारे कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम यांसारख्या खनिजांचे मोजमाप. कोणी राख आणून त्यात ओतत नाही.

धान्याविषयी मात्र संदेशात अर्धे सत्य आहे. मांजराला कर्बोदकांची पोषणदृष्ट्या गरज नसते. तरीही नीट शिजलेला स्टार्च त्याला चांगला पचतो, आणि दाण्यांना आकार येण्यासाठी तो लागतोच. 2007 साली मोठ्या प्रमाणावर खाद्य बाजारातून परत घ्यावे लागले, तेही धान्य वाईट म्हणून नव्हे. गव्हाच्या ग्लूटेनमध्ये, म्हणजे गव्हातील प्रथिनांत, भेसळ म्हणून मेलामाइन हे औद्योगिक रसायन मिसळले गेले होते. प्रथिनांची नेहमीची चाचणी प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते, मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो, आणि त्यामुळे भेसळ पकडली गेली नाही. कित्येक मांजरांची मूत्रपिंडे त्यात निकामी झाली. तयार खाद्यावर आंधळा विश्वास ठेवू नये असे सांगायला हे उदाहरण पुरेसे आहे. त्यासाठी खूर आणि पिसांची कहाणी रचण्याची गरज नव्हती.

आता तो सल्ला. माझ्याकडे एकदा चार महिन्यांचे पिल्लू आले, ज्याला आधीच्या घरी अतिशय प्रेमाने दोन्ही वेळा हाडे काढलेले उकडलेले चिकन मिळत होते. ते उडी मारायला कचरत असे आणि पाठीवरून हात फिरवला की ओरडत असे. पशुवैद्यांनी एक्स-रे दाखवला तेव्हा त्याची हाडे भोवतालच्या मांसाइतकीच फिकट दिसत होती. हाडांशिवायच्या मांसात कॅल्शियमच्या दहापटीहून अधिक फॉस्फरस असतो. रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढून घेते. टॉरिनचा, म्हणजे मांजराला आहारातूनच मिळावे लागणाऱ्या एका पोषक घटकाचा, प्रश्न याहून छुपा आहे. 1987 मध्ये पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की मांजरांमधील हृदयस्नायूचा एक जीवघेणा आजार टॉरिनच्या कमतरतेमुळे होतो. ती मांजरे तेव्हाचे तयार खाद्यच खात होती, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. त्यानंतर खाद्यातले टॉरिन वाढवण्यात आले आणि तो आजार दुर्मीळ झाला. उकडताना टॉरिन पाण्यात उतरते. ते पाणी आपण ओतून दिले तर टॉरिनही त्याच्याबरोबर जाते.

घरीच शिजवायचे असल्यास पशुपोषणतज्ज्ञाकडून ग्रॅममध्ये वजने दिलेली पाककृती घ्यावी, आणि तिच्यात कॅल्शियम व टॉरिन कशातून येते हे विचारून घ्यावे. पाकीट घ्यायचे असल्यास घटकांच्या यादीआधी एक ओळ शोधावी: हे खाद्य 'संपूर्ण आहार' आहे की केवळ पूरक, आणि ते पिल्लासाठी आहे की प्रौढ मांजरासाठी.