गोळ्यांनी मोतीबिंदू विरघळत नाही
लेखातलं ‘रोज 1000 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व घ्या, मोतीबिंदू विरघळेल’ हे वाक्य काढाच. कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) आणि डोळ्यातलं भिंग यांच्यामधल्या पाण्यात हे जीवनसत्त्व रक्ताच्या साधारण वीसपट असतं, पण ते नुसतं झिरपून येत नाही. हे पाणी तयार करणाऱ्या सिलियरी बॉडीच्या पेशी ते सोडियमच्या जोरावर आत ओढतात. दिवसाला 200-400 मिलिग्रॅमच्या पुढे रक्तातली पातळीच फारशी चढत नाही, जादाचं लघवीवाटे जातं. (मुतखड्याचा त्रास असेल तर जपूनच!) भिंगामागच्या जेलीत हेच जीवनसत्त्व ऑक्सिजन खाऊन टाकतं. म्हणूनच व्हिट्रेक्टॉमीच्या शस्त्रक्रियेत ती जेली काढली की भिंगापर्यंत जास्त ऑक्सिजन पोचतो आणि पन्नाशीपुढच्या बहुतेकांना दोनेक वर्षांत मोतीबिंदू येतो. अमेरिकेतल्या एरेड्स या डोळ्यांच्या आजारांवरच्या मोठ्या चाचणीत (2001) 500 मिलिग्रॅम क, शिवाय ई आणि बीटा कॅरोटीन देऊनही मोतीबिंदूत फरक दिसला नाही.