मारामारी जमते, मेनू अडवतो

राजारामपुरीत माझा मावसभाऊ राहतो. जन्मापासून त्याला अजिबात दिसत नाही. रविवारी त्याच्याकडं फायटिंग गेम खेळायला जातो आणि मार खाऊन परत येतो.

हेडफोन घालून बसतो गडी. मी डावीकडून आलो की आवाज डाव्या कानात. उडी मारताना पाय सुटल्याचा आवाज वेगळा, टेकल्याचा वेगळा. परवा गपचूप मागं सरकलो, तर म्हणाला, "दादा, पळायलास व्हय?"

पण ही मारामारी सुरू होईपर्यंतचं बघा. मेनूतलं काहीच बोलत नाही, म्हणून त्यानं पाठच केलंय: खाली तीनदा, उजवीकडं एकदा, मग ओके. मध्यंतरी अपडेट आलं आणि मध्येच दुकानाचं एक बटण घुसलं. भाऊ थेट पैसे मागणाऱ्या पानावर! शेवटी मला व्हिडिओ कॉल, "मी कुठाय सांग की जरा."

कुणी म्हणतं, न दिसणाऱ्यांसाठी वेगळे सोपे गेम काढा. हे ऐकलं की त्याचं टाळकं सरकतं. त्याला कॉलेजातली पोरं खेळतात तोच गेम पाहिजे, आणि हरायचं तर नीट हरायचंय.

होत नाही असंही नाही. २०२० च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मध्ये दिव्यांग खेळाडूंसाठी साठाच्या वर सेटिंग्ज आहेत. मेनू वाचून दाखवला जातो, एक बटण दाबलं की पुढच्या वाटेकडं तोंड वळतं. न दिसणाऱ्यांनी तो अख्खा संपवलाय. २०२३ च्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट'मध्ये वळण आलं, गाडी कडेला चालली, हे आवाजावरून कळतं. आणि जपानात १९९७ लाच सेगा सॅटर्न या गेमिंग मशीनवर चित्रच नसलेला, नुसता ऐकायचा गेम आला होता!

आणि आपल्या फोनवरचा साधा लुडो? टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइड फोनमधली स्क्रीन वाचून दाखवणारी सोय, चालू केलं तरी मुका. टॉकबॅक मुख्यतः ॲपनं बटणाला जे नाव दिलंय ते वाचतं. इथं अख्खा पट म्हणजे एकच चित्र, नाव कशालाच नाही. भाऊबीजेला सगळी भावंडं फोनवर वाकलेली आणि हा कडेला चिवडा खात बसलेला. आजीच्या कापडी पटावर घरं दोऱ्यानं शिवलेली होती, तिथं हा बोटानं चाचपून आम्हाला हरवायचा.

बटणाला नाव द्यायला किती वेळ लागतो हो? मी स्वतः कोडिंग करतो, म्हणून विचारतोय. आणि मीही वर्षानुवर्षं दिलेलं नाही, हेही सांगून टाकतो.

काल रात्री त्याचा मेसेज आला: "परत अपडेट. आता खाली पाचदा. ये रविवारी."