‘बेकायदा स्थलांतरितांना फुकट उपचार’: अमेरिकेतील शटडाउनबद्दलच्या एका दाव्याचा प्रतिवाद

१ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस, खर्चाचे विधेयक मंजूर न झाल्याने, अमेरिकेचे केंद्र सरकार अंशतः बंद राहिले. या काळात उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांच्यापासून समाजमाध्यमांवरील पाठीराख्यांपर्यंत अनेकांनी एकच दावा लावून धरला: बेकायदा स्थलांतरितांना फुकट आरोग्यसेवा मिळावी म्हणून डेमोक्रॅट पक्षाने सरकार बंद पाडले, आणि तसे त्यांच्या खर्चाच्या विधेयकात लिहिलेलेच आहे.

आधी पात्रता पाहू. कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरिताला मेडिकेड (गरिबांसाठीचा) किंवा मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा) हा सरकारी विमा मिळत नाही. ओबामाकेअर या आरोग्य कायद्याखालच्या बाजारपेठेत, जिथे सरकारी अनुदानासह खासगी विमा मिळतो, तिथे तर पदरचे पूर्ण पैसे मोजूनही त्याला पॉलिसी घेता येत नाही, मग अनुदान दूरच. कॅलिफोर्नियासारखी काही राज्ये अशांना विमा संरक्षण देतात, पण ते स्वतःच्या तिजोरीतून. डेमोक्रॅटांच्या विधेयकाने यातला कोणताही निर्बंध उठणार नव्हता.

मग विधेयकात होते काय? ट्रम्प यांनी ४ जुलै २०२५ रोजी सही केलेल्या मोठ्या कायद्यातील आरोग्यविषयक कपात रद्द करावी, अशी त्यात मागणी होती. स्थलांतरितांपुरती त्या कपातीची मुख्य झळ बसते ती कायदेशीर कागदपत्रे असलेल्यांना: निर्वासितांना, आश्रय मिळालेल्यांना आणि काही ग्रीन कार्डधारकांनाही. मुलाने किंवा मुलीने बोलावून घेतलेले, ग्रीन कार्डावर आलेले सत्तरीचे आई-वडील अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत आहेत. पहिली पाच वर्षे त्यांना सहसा मेडिकेअर मिळत नाही आणि मेडिकेडही नाही, म्हणून बाजारपेठेतला विमा हाच त्यांचा आधार असतो. ते प्राप्तिकराचे स्वतंत्र विवरणपत्र भरत असतील आणि त्यांचे उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली असेल, तर २०२५ अखेरपर्यंत त्यांना हप्त्यासाठी अनुदान मिळू शकत होते. नव्या कायद्याने ते जानेवारी २०२६ पासून बंद केले. हा दावा पुढे ढकलणाऱ्यांपैकी काहींच्या घरीच असे आई-वडील असतील, ही शक्यता मला मुळीच दूरची वाटत नाही.

दाव्यात तथ्याचा एक कण आहे, तो मान्य केला पाहिजे. रेगन यांच्या काळातल्या, १९८६ च्या कायद्यानुसार रुग्णालयाच्या आपत्कालीन कक्षात आलेल्या कोणालाही तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत, आणि अशा काही उपचारांचा खर्च मेडिकेड रुग्णालयाला भरून देते. त्यातला केंद्राचा वाटा जुलैच्या कायद्याने काही गटांसाठी कमी केला. डेमोक्रॅटांना तो पूर्ववत हवा होता. पण हा पैसा रुग्णालयाला मिळतो, त्याने कोणाला विमा मिळत नाही, आणि हा खर्च मेडिकेडच्या एकूण खर्चाच्या १ टक्क्याहूनही कमी आहे.

खरा वाद होता तो २०२१ मध्ये वाढवलेल्या आणि २०२५ अखेर संपणाऱ्या अनुदानाचा. बाजारपेठेतून विमा घेणाऱ्या सुमारे २ कोटी ४० लाख लोकांपैकी बहुतेकांना अनुदान मिळत होते. आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या केएफएफ या संस्थेच्या अंदाजानुसार वाढीव मदत गेल्यास अनुदानितांचा सरासरी वार्षिक हप्ता ८८८ डॉलरवरून १,९०४ डॉलरवर जाणार होता. ८५,००० डॉलर कमावणाऱ्या, साठीतल्या जोडप्यावर तर वर्षाला सुमारे २२,६०० डॉलरचा जादा बोजा पडणार होता. उलट, ही मदत कायम करायची तर दहा वर्षांत सुमारे ३५० अब्ज डॉलर लागतील, असा काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा हिशेब होता. एवढ्या खर्चाला विरोध करणे ही रास्त राजकीय भूमिका आहे. ती उघडपणे मांडायची सोडून बेकायदा स्थलांतरितांचे बुजगावणे उभे करण्यात आले, हा माझा आक्षेप आहे.

राहिला ‘बंद पाडले’ हा शब्द. सिनेटमध्ये चर्चा थांबवून विधेयक मताला टाकण्यासाठी ६० मते लागतात आणि रिपब्लिकनांकडे ५३ होती. डेमोक्रॅटांनी ती उणीव भरून काढायला वारंवार नकार दिला, हे खरेच आहे, आणि त्यांची मागणी आवाक्याबाहेर पसरलेली होती असे माझेही मत आहे. पण अनुदानावर बोलणी सरकार सुरू झाल्यावरच, हा हट्ट दुसऱ्या बाजूचा होता. अखेर डेमोक्रॅट गटातील आठ जणांनी साथ दिल्यावर ६० विरुद्ध ४० अशी कोंडी फुटली. बदल्यात मिळाले ते डिसेंबरमध्ये मतदान घेण्याचे आश्वासन. ११ डिसेंबरला सिनेटमध्ये दोन्ही पक्षांचे प्रस्ताव ६० मतांअभावी पडले आणि ३१ डिसेंबरला वाढीव अनुदान संपले.