पोस्टींचा रतीब कधी आणि किती घालावा

तर तुम्ही ब्लॉग काढलाय. अभिनंदन! आता लगेच लिहायला बसणार असाल तर जरा थांबा, कारण लिहिण्याच्या आधी एक फार मोठा प्रश्न सोडवायचाय आणि तो सुटेपर्यंत एक ओळसुद्धा लिहायची नाहीये. पोस्ट किती दिवसांनी टाकायची? रोज, आठवड्यातून दोनदा, दर मंगळवारी, की पंधरा दिवसांनी? काय लिहायचं हा प्रश्न फुटकळ आहे, वेळापत्रक बसलं की तो आपोआप सुटतो असं धरून चला. आडात काही नसलं तरी पोहरा ठरल्या वेळी सोडत राहायचा, खडखडाट ऐकून लोकांना वाटतं आत काहीतरी चाललंय.

पहिलं काम म्हणजे एक्सेल शीट. मी एकदा अख्ख्या वर्षाची केली होती. ५२ ओळी, प्रत्येकीपुढे तारीख, विषय, टॅग, फोटो कुठून उचलायचा ते, आणि शेवटच्या रकान्यात रंग: झालेली पोस्ट हिरवी, अर्धवट असेल तर पिवळी, राहिली तर लाल. तीन वीकेंड गेले त्या शीटवर आणि खरं सांगतो, इतकं समाधान मला नंतर एकाही पोस्टने दिलं नाही. वर्ष संपताना उघडून बघितली तर वरच्या चार ओळी हिरव्या, पाचवी पिवळी आणि तिथून खाली नुसता लाल गालिचा. पण फॉरमॅटिंग अप्रतिम होतं हं, आणि वरची ओळ फ्रीझ केलेली.

आता दम असेल तर रोज लिहा. याला परंपराही आहे. ‘वेबलॉग’ हा शब्द जॉर्न बार्गरने डिसेंबर १९९७ मध्ये काढला, आणि १९९९ मध्ये पीटर मर्होल्झने गंमत म्हणून त्याचे ‘वी ब्लॉग’ असे दोन तुकडे केले, त्यातला मागचा तुकडा आपल्या गळ्यात पडला. लॉग म्हणजे नोंदवही. ती मंडळी दिवसभर नेटवर भटकायची आणि काही भारी दिसलं की लिंक आणि खाली दोन ओळी, बास, झाली पोस्ट. अशा पाच टाकल्या तरी दुपारपर्यंत माणूस मोकळा. आपण या परंपरेतलं ‘रोज’ तेवढं घ्यायचं आणि ‘दोन ओळी’ सोडून द्यायच्या. म्हणजे रोज दीड हजार शब्द, चार उपशीर्षकं, एक फोटो, आणि हे सगळं नोकरी सांभाळून.

पहिले तीन दिवस मजेत जातात, कारण इतकी वर्षं मनात साठलेलं असतं. चौथ्या दिवशी ‘मी ब्लॉग का लिहितो’. पाचव्या दिवशी खिडकीतून दिसणाऱ्या झाडाचा फोटो. सहाव्या दिवशी ‘आज काही सुचतच नाहीये’ हे सहाशे शब्दांत, आणि ती पोस्ट नेमकी सगळ्यात चांगली जमते, म्हणून तिच्या नादी लागू नका, तशी परत जमत नाही. आठव्या दिवशी तुम्ही ‘नियमित लिखाणाची सवय कशी लावावी’ यावर लिहाल. नववा दिवस येत नाही.

आणि मग खंड पडतो. घाबरायचं कारण नाही, खंड हा रतिबाचाच भाग आहे. चार महिने गेले की ‘बऱ्याच दिवसांत लिहिणं झालं नाही, क्षमस्व’ ही पोस्ट टाकायची. कामाचा व्याप, तब्येत, लॅपटॉप बिघडला, जे खपेल ते कारण द्या, यापुढे मात्र नक्की नियमित लिहिणार अशी ग्वाही द्या आणि परत गायब व्हा. काही ब्लॉगांवर वरून खाली बघत गेलं तर एकाखाली एक माफीच लागलेली असते, मध्ये दुसरं काही नाहीच, आणि गंमत म्हणजे त्या माफ्या अगदी ठरावीक अंतराने आलेल्या असतात. याला म्हणतात सातत्य.

रोजचं झेपत नसेल तर एकाच पोस्टीचे चार भाग पाडा. जिथे वाक्य रंगात येतंय तिथेच तोडून खाली ‘क्रमशः’. चार लोक ‘पुभाप्र’, म्हणजे पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत, असं लिहून जातील, त्या आनंदात दुसरा भाग लिहायचाच राहून जाईल, आणि काही वर्षांनी कुणीतरी विचारेल की त्या बसमधल्या बाईचं पुढे काय झालं, तेव्हा तुम्हालाही आठवणार नाही. माझ्याकडे आजमितीला ‘भाग १’ सात आहेत. ‘भाग २’ एक आहे, आणि त्याचा ‘भाग १’ मी डिलीट केलाय.

गूगलचा धाक मात्र कायम मनात असू द्या. नोव्हेंबर २०११ मध्ये गूगलने जाहीर केलं की शोधाचे निकाल आता जास्त ताजे मिळतील आणि साधारण ३५ टक्के सर्चवर याचा परिणाम होईल. ते म्हणत होते ताज्या घडामोडींबद्दल, दरवर्षी होणाऱ्या स्पर्धा, निवडणुका वगैरेंबद्दल, आणि सतत बदलत राहणाऱ्या माहितीबद्दल, पण एवढं शेवटपर्यंत वाचतो कोण? ‘ताजं’ एवढा शब्द ऐकून अख्खी ब्लॉगर जमात कामाला लागली. तुम्हीही लागा. नवीन सुचत नसेल तर जुन्या पोस्टीची तारीख बदला. हल्ली गूगल आपल्या मार्गदर्शनात थेटच विचारतं की बाबा, आतला मजकूर तोच ठेवून पान ताजं दिसावं म्हणून नुसती तारीख बदलतोयस का? बदलायची. शिळ्या कढीला ऊत आणायला कढी तरी गरम करावी लागते, इथे नुसता कॅलेंडरवर क्लिक. महिन्याला तीस पोस्टी एआयकडून पाडून घ्यायचा मार्गही आहेच, फक्त मार्च २०२४ पासून असा ढिगाने पाडलेला माल स्पॅम धरायचं गूगलने ठरवलंय, आणि खरं तर वाचकांनी ते त्याच्या कितीतरी आधी ठरवलं होतं.

कुणी शहाणा सांगेल की आरएसएस फीड नावाची एक गोष्ट आहे, वाचकाने एकदा ती जोडून घेतली की तुम्ही उद्या लिहा नाहीतर आठ महिन्यांनी, पोस्ट आपोआप त्याच्यापर्यंत जाते, त्याला रोज डोकवावं लागत नाही, म्हणजे किती दिवसांनी लिहायचं हा प्रश्नच उरत नाही. असल्या माणसापासून लांब राहा. प्रश्नच उरला नाही तर लिहायला बसावं लागेल ना! नशीब आपलं की १ जुलै २०१३ ला हे फीड वाचायचं गूगल रीडर बंद झालं आणि बरेच लोक फीड विसरून गेले. तो प्रकार अजून चालू आहे, पण बोलायचं नाही कुणाला.

तसाच तुमच्या माहितीतला तो एक जण असतो, वर्षातून दोनदा लिहितो, वेळापत्रक नाही, शीट नाही, माफी तर नाहीच, आणि तरी त्याची पोस्ट आली की लोक हातातलं काम टाकून वाचतात. त्याचं काय घेऊन बसलात, त्याच्याकडे सांगण्यासारखं असतं. अपवाद आहे तो.

आता शेवटचं आणि महत्त्वाचं, वेळ. सकाळी नऊ. का नऊ ते विचारू नका, सगळे नऊच म्हणतात. वर्डप्रेस या ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पोस्ट शेड्यूल करता येते, मी रात्रीच नऊची वेळ लावून शांत झोपलो होतो. सकाळी उठलो, आवरलं, आणि पावणेबाराला सहज बघायला गेलो तर पोस्ट नाही. पान परत लोड केलं तर आली. आणि वर वेळ काय, तर सकाळी नऊ! मग शोधाशोध केल्यावर कळलं की वर्डप्रेसकडे स्वतःचं घड्याळ असं नसतंच, साइटवर कुणीतरी पान उघडलं की तेव्हा ते जागं होऊन बघतं काही काम राहिलंय का, आणि राहिलं असेल तर उरकतं, तारीख-वेळ मात्र तुम्ही लावलेलीच दाखवतं. म्हणजे नऊपासून पावणेबारापर्यंत माझ्या ब्लॉगवर कुणी माणूस सोडा, एखादा बॉटसुद्धा फिरकला नव्हता, आणि बिचारी पोस्ट तयार होऊन दारात उभी होती, की कुणी येतंय का.

तेव्हापासून नऊला दोन मिनिटं असताना मी स्वतःच जाऊन पान उघडतो आणि दोन मिनिटांनी परत लोड करतो. पोस्ट अगदी वेळेवर पडते.