‘महिना पाचशे रुपयांत क्लाउड’ : हिशेब कुठे चुकतो?

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या व्यापाऱ्यांच्या व हिशेबनिसांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश सध्या फिरत आहे. त्याचा आशय असा की, ऑफिसातला सर्व्हर विकून टाकावा, हिशेबाचा प्रोग्रॅम क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकावर, चढवावा, महिना पाचशे रुपयांत काम भागते. दूरचा संगणक आपल्या पडद्यावर दाखवून चालवू देणारे एनीडेस्क फुकट असल्याने सर्वांना घरूनही काम करता येते. आणि क्लाउडवर गेल्यावर बॅकअपची काळजी उरत नाही. कापसाचा हंगाम तोंडावर असताना हे वाचून कोणी घाईने निर्णय घेऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

आधी पाचशे रुपये पाहू. एवढ्या भाड्यात मिळते ते यंत्र सहसा एक जीबी मेमरीचे आणि लिनक्स या विंडोजहून वेगळ्या प्रणालीवर चालणारे असते. आपल्याकडचे हिशेबाचे बहुतेक प्रोग्रॅम विंडोजवर चालतात, आणि डेस्कटॉपसह चालणाऱ्या विंडोज सर्व्हरला मायक्रोसॉफ्टने किमान २ जीबी मेमरी सांगितली आहे. तीन-चार जण एकाच वेळी बसणार असतील, तर माझ्या मते ८ जीबीच्या खाली जाऊच नये. त्यात विंडोजच्या परवान्याचे पैसे भाड्यात मिळवले जातात, डिस्कचे भाडे वेगळे असते, बॅकअपच्या प्रतींचे वेगळे, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. इंटरनेटवरच्या पत्त्यालाही आता पैसे पडतात: ॲमेझॉनची क्लाउड सेवा १ फेब्रुवारी २०२४ पासून अशा प्रत्येक सार्वजनिक पत्त्यामागे (त्याला आयपीव्ही४ म्हणतात) तासाला ०.००५ डॉलर आकारते. महिन्याच्या ७३० तासांचे ३.६५ डॉलर होतात, म्हणजे पाचशेतले निम्म्याहून अधिक रुपये नुसत्या पत्त्यावर जातात.

तरीही क्लाउड परवडू शकतो, आणि त्याचे खरे कारण संदेशात आलेलेच नाही. भाडे तासांवर असते. ऑफिस महिन्याला २६ दिवस, रोज १० तास चालत असेल, तर वापर २६० तासांचाच होतो. जिनिंगसारख्या हंगामी धंद्यात वर्षातले कित्येक महिने यंत्र बंदही ठेवता येते. मात्र अझूरवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, विंडोजच्या आतून शटडाउन केल्याने भाडे थांबत नाही. यंत्र अझूरच्या पोर्टलवरून (संकेतस्थळावरून) बंद करून मोकळे करावे लागते, आणि डिस्कचे भाडे तेव्हाही चालूच राहते. क्लाउडवरून डेटा बाहेर उतरवण्याच्या खर्चाची भीती मात्र लहान ऑफिसने बाळगू नये, कारण ॲमेझॉनवर महिन्याला पहिले १०० जीबी फुकट आहेत.

एनीडेस्कबाबतचे विधान दोन अंगांनी चुकीचे आहे. त्याची फुकट आवृत्ती वैयक्तिक वापरासाठी आहे, धंद्यासाठी परवाना विकत घ्यावा लागतो. दुसरे असे की, एनीडेस्क समोरचा एकच पडदा दाखवते. सावद्याहून केळीच्या गाडीचे बिल करणारा आणि जळगावात जमा-नावे टाकणारा, दोघेही एकाच माउसवर येतात. प्रत्येकाला स्वतंत्र पडदा हवा असेल, तर विंडोज सर्व्हरचा रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून जोडून काम करण्याची सोय, लागतो. त्यात मिळणारी दोन सत्रे, म्हणजे एका वेळी दोघांनी जोडण्याची मुभा, केवळ देखभालीसाठी असतात. कर्मचाऱ्यांच्या रोजच्या कामासाठी माणशी किंवा यंत्रामागे वेगळा परवाना घ्यावा लागतो. या परवान्याविना चालू देणारे सवलतीचे १२० दिवस संपेपर्यंत सारे सुरळीत चालते, त्यामुळे विक्रेत्याने हे सांगितले नाही तरी ग्राहकाच्या लक्षात येत नाही.

सुरक्षिततेचेही तसेच आहे. रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ हे पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत येण्याचे दार, जगासाठी उघडे ठेवणे म्हणजे पासवर्ड हुडकणाऱ्यांना रात्रंदिवस संधी देणे. ते व्हीपीएनच्या, म्हणजे फक्त आपल्या माणसांसाठीच्या खाजगी जोडणीच्या, आड ठेवावे. एनीडेस्कच्या आधारे खात्यातून पैसे काढले जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, तिथे असे सॉफ्टवेअर कायम चालू ठेवू नये.

बॅकअपची जबाबदारी क्लाउड कंपनी आपणहून घेत नाही. खंडणीसाठी फायली अडकवणारे रॅन्समवेअर क्लाउडवरच्या फायलीही तितक्याच सहज कुलूपबंद करते, म्हणून एक प्रत वेगळ्या खात्यात किंवा ऑफिसातल्या डिस्कवर हवीच. धंदा कंपनी म्हणून नोंदलेला असेल, तर कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांतील ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर संगणकावरच्या हिशेबाच्या वह्यांची प्रत भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणे बंधनकारक आहे. मुंबई किंवा पुण्याचे केंद्र निवडल्यास ही अट पाळता येते.

एकाच जागी बसणाऱ्या दोन-तीन माणसांच्या दुकानाला क्लाउड लागतच नाही. आहे त्या संगणकावर विंडोजची प्रो आवृत्ती घ्यावी, कारण होम आवृत्तीत रिमोट डेस्कटॉपने बाहेरून आत येता येत नाही, आणि मालकाला घरून पाहायचे असल्यास व्हीपीएन जोडून घ्यावे.